श्रद्धेचा हक्क आणि गावकीचे पाणी

शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, वेळ नदीच्या खोऱ्यात, केंदूर हे गाव आहे. ज्ञानेश्वरांचे समकालीन मानले गेलेले कान्होराज पाठक यांची समाधी येथे असल्यामुळे वारकरी परंपरेत या गावाचे नाव आदराने घेतले जाते. आणि ज्या ज्ञानेश्वरांच्या सहवासामुळे कान्होराजांना व केंदूरला ही प्रतिष्ठा लाभली, त्याच ज्ञानेश्वरांना व त्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकण्यात आले होते, त्यांच्या मातापित्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले होते आणि शुद्धिपत्रासाठी त्या पोरक्या मुलांना पैठणापर्यंत पायपीट करावी लागली होती, ही हकीकत मराठी मुलखातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. केंदूरच्या शेजारी पाबळ आहे. तेथे मस्तानीची कबर आहे. तिच्या मुलाची मुंज करण्यास पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला असे सांगतात. तो समशेरबहादूर १७६१ साली पानिपतावर मराठी दौलतीसाठी लढला आणि जखमांनी मेला. पाबळाहून उलट फिरून शिक्रापूर, न्हावरे असे करीत पारगावपाशी भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि चौफुल्याच्या अलीकडे, पुणे-दौंड लोहमार्गावर, केडगाव येते. पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन ते हेच केडगाव.

एका दिवसात सहज पाहून होणाऱ्या या टापूत धर्माच्या नावाने नाकारल्या गेलेल्या माणसांच्या इतक्या खुणा आहेत, आणि तरीही जगातील छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा विषय निघाला की आपला सुशिक्षित वाचक तो कोठेतरी इराकात किंवा नायजेरियात घडणारा परका प्रकार समजतो. हा समज दूर व्हावा म्हणून हा लेख आहे. मोसुलात २०१४ साली ख्रिस्त्यांच्या घरांवर अरबी 'नून' अक्षराची खूण करून त्यांना धर्मांतर, खंडणी किंवा मृत्यू यांतून निवड करावयास सांगितले गेले, त्या क्रौर्याशी आपल्याकडील प्रकारांची बरोबरी कोणी करणार नाही. आपल्या प्रांतात छळाचे रूप बहुधा निराळे असते. येथे घर जाळण्याऐवजी पाणी बंद होते, सोयरीक तुटते, वडिलार्जित मिळकतीतून नाव कमी करण्याची खटपट सुरू होते, आणि मेल्यावर पुरण्यास जागा मिळत नाही. रक्त न सांडल्यामुळे या छळाची ना फिर्याद नोंदली जाते, ना बातमी होते. परंतु ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याच्या श्रद्धेची किंमत तो रोज सकाळी पाणवठ्यावर मोजतो.

या प्रांतात प्रॉटेस्टंट ख्रिस्ती प्रचारकांचे आगमनच मुळी हद्दपारीच्या हुकुमाने झाले. अमेरिकन मंडळाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ च्या प्रारंभी मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्यास फर्मावले. कारण कंपनीला धर्मापेक्षा व्यापार प्रिय होता आणि प्रचारकांमुळे रयत बिथरेल ही तिला धास्ती होती. त्याच वर्षीच्या नव्या सनदेने हा प्रतिबंध सैल झाला. पुढे १८३१ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे झाले, १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाले, आणि त्याच दशकात घोडनदीकाठच्या शिरूरलाही मिशनचे काम सुरू झाले. इंग्रज सरकारने ख्रिस्ती धर्म येथे आणला आणि पोसला, ही समजूत सरधोपट आहे. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला सरकारी आश्रयापेक्षा स्वकीयांचा बहिष्कारच अधिक निश्चितपणे मिळत असे.

तो बहिष्कार कसा पसरत जाई, हे १८४३ च्या श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणावरून दिसते. नारायण शेषाद्री हा तरुण ब्राह्मण मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला व जेवला. तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्याचा ताबा वडिलांकडे दिला, आणि तो निर्णय माझ्या मते उचितच होता. परंतु मुलगा परत आला तरी जात त्याला परत घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला पदरात घ्यावे असा पक्ष घेतला, तेव्हा सनातनी मंडळींनी खुद्द बाळशास्त्र्यांवरच बहिष्काराचे शस्त्र उगारले. एक अज्ञान मुलगा, त्याचा बाप, त्याची कड घेणारा विद्वान, असा हा दोष एकाकडून दुसऱ्याकडे चढत गेला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केल्यामुळे किंवा जातिबहिष्कृत झाल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरविले. ही मोठीच सुधारणा होती, परंतु कायद्याने जमीन राखली तरी विहिरीवरचा दोर कोण देणार, हा प्रश्न राहिलाच.

चाळीस वर्षांनंतरही परिस्थिती फारशी पालटली नव्हती. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित गृहस्थांपुढे चहा ठेवण्यात आला. त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांकडे प्रकरण गेले, आणि महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या न्यायाधीशाला अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. लोकमान्य टिळकही त्या मंडळींत होते व त्यांनाही बहिष्काराचा जाच सोसावा लागला. ख्रिस्त्याच्या घरच्या एका पेल्यासाठी शहराच्या अग्रगण्य पुरुषांची जर ही गत, तर स्वतः ख्रिस्ती होणाऱ्या एकाकी विधवेची काय होईल, याचा विचार वाचकाने करावा. ती विधवा त्याच वर्षी, मुंबईतील आपली संस्था घेऊन, त्याच पुण्यात राहावयास आली होती.

रमाबाईंचे चरित्र येथे सविस्तर सांगण्याचा हेतू नाही. परंतु त्यांच्या धर्मांतराकडे पाहताना आधीचा इतिहास विसरला, तर सगळेच चुकीचे दिसू लागते. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यातील आश्रमात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना धर्मसभेपुढे आपल्या आचरणाचे समर्थन करावे लागले होते. म्हणजे सदसद्विवेकबुद्धीची किंमत मोजण्याची रीत या कुटुंबात रमाबाईंच्या जन्मापूर्वीच सुरू झाली होती. पुढे दुष्काळात आई, वडील व बहीण अन्नावाचून गेली. उरलेल्या भावाबरोबर हजारो मैल पायी हिंडत, पुराणे सांगत, रमाबाई कलकत्त्यास पोहोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ वारला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांच्या आत तेही पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात यावर जो क्षोभ झाला, तो सर्वांना माहीत आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे, आणि त्याची आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण चर्चच्या स्वाधीन झाल्या नाहीत. वाँटेजच्या मठातील ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो उपलब्ध आहे, आणि धर्मस्वातंत्र्याचा इतका निर्भय दस्तऐवज एकोणिसाव्या शतकातील मराठी व्यक्तीने क्वचितच लिहिला असेल. त्रैक्याचा सिद्धान्त, अँग्लिकन पंथाचे अधिकार, गुरुजनांची आज्ञा, यांपैकी काहीही त्यांनी तपासल्याशिवाय मान्य केले नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नसावीत, असे त्यांनी विचारले. अंडे घातलेले पक्वान्न त्यांनी खाल्ले नाही. शाकाहार सोडणे म्हणजे ख्रिस्ती होणे नव्हे, यावर त्या ठाम राहिल्या, आणि हा अहंकार आहे असे आश्रयदात्यांना वाटले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या पुरुषांना शिकवू शकतील असा प्रस्ताव आला, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी विरोध केला. तोही रमाबाईंनी निमूट मानला नाही. स्वदेशातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारल्यानंतर दुसरे तसलेच जू मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी मदर सुपीरियरांच्या हाताखालील भगिनीला दिले. परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर, लहान मुलगी पदरी असताना दिलेले हे उत्तर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

पुण्यात रमाबाईंची ती संस्था, म्हणजे विधवांचे शारदा सदन, आली तेव्हा रानडे, भांडारकर आदी मान्यवर सल्लागार मंडळात होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईच्या चौपाटीवर सुरू झालेल्या या संस्थेचे धोरण असे होते की, कोणाही मुलीवर धर्माची सक्ती होणार नाही आणि कोणीही आपला आचार पाळू शकेल. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. येथून वादळ उठले. 'केसरी'ने तीव्र टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले.

या वादात सर्व सत्य एका बाजूला होते असे मी म्हणणार नाही. मुली अल्पवयीन होत्या, पालकांनी त्या विशिष्ट आश्वासनावर पाठविल्या होत्या, आणि ज्या संस्थेच्या संचालिकेवर मुलींचे अन्न, वस्त्र व शिक्षण अवलंबून आहे, तिच्या उघड्या दारालाही एक प्रकारची ओढ असते, हा टीकाकारांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. परंतु त्याच टीकाकारांपैकी किती जणांनी त्या बालविधवांच्या केशवपनाविरुद्ध, उपासमारीविरुद्ध आणि घरच्या अत्याचारांविरुद्ध तितक्याच तत्परतेने लेखणी उचलली होती? मुलीच्या श्रद्धेची काळजी ती ख्रिस्ती होण्याच्या बेतात आल्यावरच ज्यांना वाटू लागते, त्यांची काळजी श्रद्धेची नसून शिरगणतीची असते. शारदा सदनातून शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या हिंदूच राहिल्या. या एका उदाहरणाने सदनाचे धोरण पोकळ नव्हते हे सिद्ध होते. दुसऱ्या काही ख्रिस्ती झाल्या. दोघींचाही हक्क एकच होता.

पुण्याचे वातावरण असह्य होत चालले असता रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे आज जी झाडे व इमारती दिसतात, त्यांच्या जागी तेव्हा माळरान होते. विहिरी खणल्या, फळबाग लावली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी उपाशी मुली व विधवा केडगावी आणल्या. मुक्ति सदनाची स्थापना १८९८ ची. पुढे १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि आश्रितांची संख्या हजारांत गेली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंध स्त्रियांसाठी बर्तिमय सदन, विणकाम, तेलघाणा, शेती, दुग्धालय, छापखाना असा तो एक स्वतंत्र गावच झाला.

दुष्काळातील अन्नाबरोबर धर्म दिला, हा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उपाशी पोर जे मान्य करते, त्याला संमती म्हणता येत नाही, आणि अन्नाच्या बदल्यात श्रद्धा मागणारा प्रचारक कोणत्याही धर्माचा असो, तो अपराधीच आहे. पण मुक्तीत आलेल्या मुलींना ज्यांनी रस्त्यावर सोडले होते, ते हिशेबात कोठेच नसतात. रमाबाईंनी त्यांना अक्षर दिले, हातांना कसब दिले, आणि ज्या शास्त्राच्या आधारे स्त्रीला ग्रंथ वर्ज्य होता त्या शास्त्राच्या देशात त्यांच्याकडून ग्रंथ छापून घेतला. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद त्यांनी अनेक वर्षे एकटीने केला. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ संपूर्ण प्रसिद्ध झाला.

सरकारची भीडही त्यांनी ठेवली नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात रुग्णालयांत व छावण्यांत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला, आणि गव्हर्नराने त्यांचे म्हणणे साफ नाकारले. म्हणजे स्वजातीचा ब्रह्मवृंद, परक्या चर्चचा बिशप आणि राज्यकर्त्यांचा गव्हर्नर, या तिघांनाही या एका स्त्रीने सदसद्विवेकाच्या आधारे नाही म्हटले. जगात आज धर्मस्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांना आदर्श हवा असेल, तर तो दौंड तालुक्यात आहे.

धर्मांतराच्या चर्चेत घरातले दुसरे माणूस नेहमी विसरले जाते, म्हणून नारायण वामन टिळकांच्या घराचा उल्लेख करतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंचे जग एका दिवसात कोसळले. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी वर्ज्य. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरानंतर जोडीदाराने सोडलेल्या ख्रिस्त्याला विवाहबंधनातून मुक्त होण्याची दाद मागता येत असे. टिळकांनी ती मागितली नाही, ते थांबले. लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडे राहावयास आल्या त्या आपला सोवळेपणा सांभाळून, वेगळी चूल मांडून, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने जातिभेद झडून गेल्यावर. मधली ती पाच वर्षे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात वाचावयास मिळतात. पतीच्या श्रद्धेमागून न जाण्याचा पत्नीचा हक्क त्या पाच वर्षांत राखला गेला, आणि तोही धर्मस्वातंत्र्याचाच भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने श्रद्धा बाळगण्याचे, आचरण्याचे व तिचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले. प्रचाराचा उल्लेख ठेवावा की नाही यावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये कडाक्याची चर्चा झाली आणि तो राहिला. त्याच महिन्याच्या १० तारखेस संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या अठराव्या कलमात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आहे. सौदी अरेबियाने मतदान टाळले ते इतर कारणांबरोबर या तरतुदीमुळेही. पाकिस्तानच्या जफरुल्ला खानांनी मात्र कुराणाचा आधार देऊन कलमाचे समर्थन केले. ते अहमदिया होते, आणि १९७४ साली त्यांच्याच देशाने घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुसलमान मानण्याचे नाकारले. श्रद्धेवर सरकारी शिक्का मारण्याचा अधिकार एकदा राज्याला दिला की तो कोणावर उलटेल याची शाश्वती नसते.

आपल्याकडेही असा एक शिक्का आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना मिळाल्या. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. नगर-पुणे-जालना पट्ट्यातील बहुसंख्य मराठी ख्रिस्ती हे महार व मांग समाजातून आलेले आहेत. गावाने त्यांना बाप्तिस्म्यानंतर वाड्यात बोलावले नाही. राहण्याची जागा तीच, हेटाळणी तीच, आणि सवलत मात्र गेली. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा धर्माचा निकष काढून टाकण्याची शिफारस केली. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. श्रद्धा बदलली म्हणून हक्क काढून घेणे हा दंडच होय, मग तो दंडसंहितेत लिहिलेला असो वा नसो.

पाण्याचा प्रश्न सीमा मानत नाही. २००९ साली पाकिस्तानी पंजाबातील एका शेतात काम करताना आसिया बीबी ही ख्रिस्ती मजूर स्त्री भांड्यातले पाणी प्याली, आणि ख्रिस्तीण शिवल्यामुळे ते बाटले असे सोबतच्या बायका म्हणाल्या. त्या बाचाबाचीतून ईशनिंदेचा आरोप आणि फाशीची शिक्षा उद्भवली. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर व मंत्री शहबाज भट्टी यांचे २०११ साली खून पडले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. चवदार तळ्याच्या प्रांतातील वाचकाला ही हकीकत समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि पाण्याइतकाच प्रश्न मातीचा आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी छत्तीसगढच्या बस्तर जिल्ह्यात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मृत्यू झाला. त्यांना गावात पुरू देण्यास गावकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांचा मुलगा बापाचे शव शवागारात ठेवून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. एकीने कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफन करू द्यावे म्हटले, दुसऱ्याने ते अमान्य केले, आणि अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरील ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश झाला. ओडिशात १९९९ साली ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. २००८ साली त्याच राज्यात कंधमालमध्ये स्वामी लक्ष्मणानंदांचा निंद्य खून झाल्यावर, ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता अशा हजारो ख्रिस्ती कुटुंबांना जंगलात पळावे लागले. त्या प्रकारांनी देश हादरला. बस्तरच्या शवागारातील वीस दिवसांनी तो तितका हादरला नाही, याचे मला अधिक दुःख वाटते. कारण अशा नकाराची आपल्याला सवय आहे.

ख्रिस्त्यांच्या बाजूने लिहिताना, ख्रिस्ती सत्तेने केलेला छळ झाकून ठेवणे हा विषयाशी द्रोह ठरेल. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, धर्मसमीक्षण सभा चालली. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या विधींवर बंदी आली, आणि नवख्रिस्ती माणसाने घरात जुना आचार पाळला तर त्याला कोठडी मिळे. कोकणात व घाटावर पळून आलेल्या देवतांची देवळे आजही उभी आहेत. ज्याला गोव्याच्या त्या माणसाबद्दल कळवळा आहे, त्याला बस्तरच्या मुलाबद्दलही असला पाहिजे. आणि ज्याला एकाचेच दुःख दिसते, तो धर्मस्वातंत्र्याचा कैवारी नाही.

मराठी साहित्यविश्वही या बाबतीत निर्दोष नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले, वसईच्या हिरवळीसाठी लढा दिला, आणि तरीही २०२० च्या धाराशिव येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणाने काही संघटनांनी विरोध केला. आजारी असतानाही ते गेले, आणि अध्यक्षपदावरून बोलले. २०२४ च्या जुलैत ते वारले. ज्यांनी तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहून संमेलन पार पाडले, त्यांनी छळ सोसणाऱ्याला पाठबळ देणे म्हणजे काय ते दाखविले. त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. शेजारी उभे राहावे लागते.

कायद्याच्या बाजूने महाराष्ट्राजवळ एक चांगले साधन आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियम करणारे हे पहिले राज्य. धार्मिक विधी, सार्वजनिक सुविधा, दफनभूमी यांपासून माणसाला तोडणाऱ्यांना त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तो आजवर मुख्यतः जातपंचायतींविरुद्ध वापरला गेला. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने सक्तीच्या धर्मांतरासंबंधी कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सक्ती, फसवणूक व धमकी यांना शिक्षा झालीच पाहिजे, आणि त्यासाठी दंडविधानात तरतुदी आहेत. परंतु इतर राज्यांतील अशा कायद्यांप्रमाणे सज्ञान माणसाने आपली श्रद्धा बदलण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याला वर्दी द्यावी, आपल्या अंतःकरणाची चौकशी करू द्यावी, आणि कोणाही नातेवाइकाने फिर्याद करताच आपणच निर्दोष आहोत हे शाबीत करावे, अशी व्यवस्था येथे आली, तर रमाबाईंच्या प्रांताने रमाबाईंविरुद्ध निकाल दिला असेच म्हणावे लागेल. शासनाने तो मार्ग धरू नये.

शिरूर व दौंड तालुक्यांतील वाचकांना एक विनंती करतो. आपल्या गावचा नकाशा व गाव नमुने तलाठी कार्यालयात जाऊन पाहा. गावात ख्रिस्ती कुटुंबे असतील तर त्यांच्या दफनभूमीची नोंद अधिकार अभिलेखात आहे काय, जागेस वहिवाटीचा रस्ता आहे काय, कोणी अतिक्रमण केले आहे काय, हे तपासा. नोंद नसेल, तर त्या कुटुंबांनी अर्ज घेऊन एकट्याने तहसील कचेरीत खेटे घालावेत अशी वेळ येऊ देऊ नका. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय आपण स्वतः मांडा, आणि ठरावाखाली सूचक म्हणून आपले नाव लिहा.